रंजनाबाईंची घूस

रंजना परतूरकरचं डोकं फिरायला तसं फारसं निमित्त लागत नसे. त्या वर्षी मात्र ते फिरवलं एका घुशीनं, आणि तीही कागदावरच्या.

बाई हैदराबादच्या एका परवाना कचेरीत कारकून. सरकारनं उद्योगधंदे खुले केले, निम्म्याहून जास्त परवाने रद्द झाले आणि तिच्या टेबलावरचं काम आटलं. माणसं होती तिथेच, पंख्याखाली, चहा पीत. रंजनाला काही रिकामं बसवेना. तिनं मुलांसाठी गोष्ट लिहायला घेतली. मुलांसाठी म्हणजे खरं तर शर्वरीसाठी. ही तिची एकुलती एक लेक हिमायतनगरच्या इंग्रजी शाळेत जाई, मैत्रिणींशी तेलुगूत भांडे, आणि मराठी पुस्तक पुढे केलं की हिचं पोट दुखायला लागे. एक तरी मराठी गोष्ट पोरीनं आवडीनं वाचावी, एवढंच आईला हवं होतं.

ससे आणि मांजरं सगळ्यांच्याच गोष्टींत असतात, म्हणून तिनं गुप्तहेर केली घूस. मदतीला एक बडबडी खार. बागेतला पोपट कुणीतरी चोरून सिंगापूरला नेतो आणि या दोघी त्याच्या मागावर निघतात. त्यांच्याकडे कुठला आलाय पासपोर्ट? सगळा प्रवास बिळांतून, भिंतींखालून. पुस्तकाचं नाव ‘घूस चालली परदेशी’. सुलतान बाजारातल्या मुकुंदरावांच्या छापखान्यातून प्रुफं आली, ती तपासायला रंजनानं कचेरीत नेली आणि तिथेच घोटाळा झाला.

तिचे साहेब नरसिंगराव तेलुगू. हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे अक्षरं वाचता येत, आणि मराठी म्हणजे थोडी वाकडी हिंदी, असा त्यांचा ठाम समज. आता हिंदीत घूस म्हणजे लाच. साहेबांनी येता येता टेबलावरचं पान उचललं आणि एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं, “घूस साहेबांच्या टेबलाखालून हळूच सरकली. कुणालाच पत्ता लागला नाही.”

सगळ्या कचेरीनं माना वर केल्या.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “हमारे आफीस पे लिखे क्या?”

रंजनानं परोपरीनं सांगितलं की हा प्राणी आहे, मोठ्या उंदरासारखा असतो, जमीन उकरतो. साहेबांची मान काही हलेना. शेवटी वैतागून तिनं घुशीचं तेलुगू नावच सांगितलं, “पंदिकोक्कु, सर. पंदिकोक्कु.” झालं, आगीत तेल पडलं. तेलुगूत हरामाचं खाणाऱ्या माणसाला हाच शब्द लावतात, आणि निम्मी कचेरी नरसिंगरावांना पाठीमागे याच नावानं ओळखत असे. कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की मांजर करा, कुत्रा करा, काहीही करा, पण हे जनावर बदला. नाहीतर बढतीचं विसरा.

रंजनाचा नुसता जळफळाट झाला. पुस्तक मराठी, वाचणार मराठी मुलं, आणि त्यातल्या जनावराचं नाव हे ठरवणार? घरी नवरा, गिरीश, म्हणाला की मांजर करून टाक आणि मोकळी हो. मग त्याचीही खरडपट्टी निघाली. मांजर कधी भिंत पोखरते का? तिनं एक अक्षर बदललं नाही. बढती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली आणि त्याचे पेढे तिला हसतमुखानं खावे लागले.

पुस्तक छापून आलं, तसं ती ते छातीशी धरून घरी आली आणि शर्वरीच्या हातात दिलं.

शर्वरीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. “घू...स. मम्मी, घूस म्हणजे ब्राइब ना? आमच्या हिंदीच्या टीचरनी सांगितलं.”

नरसिंगरावांवर ओरडता येत होतं, हिच्यावर कसं ओरडणार? रंजनानं पान उलटून चित्र दाखवलं.

“अय्यो, हा तर पंदिकोक्कु,” शर्वरी खुदकन हसली. “मग तसंच लिहायचं ना.”

रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ रागाचं. एका शब्दापायी बढती घालवली आणि तो शब्द घरातच कुणाला नको होता. पण पोट दुखतंय असं काही पोर म्हणाली नव्हती. ती चित्रावर ओणवी होऊन खारीच्या हातातली बॅग न्याहाळत होती.

“वाच ना, मम्मी.”

रंजनानं पुस्तक ओढून घेतलं, दातांवर दात दाबले आणि सुरुवात केली, “एक होत्या पंदिकोक्कुबाई.”