कठडा कुणी खाली ठेवला

बारामतीच्या एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते, तेव्हा माझा एक रिपोर्ट दोनदा परत आला. वॉर्डातले एक आजोबा कॉटवरून घसरले होते. लागलं काही नव्हतं, पण रिपोर्ट लिहायचाच, आणि तोही इंग्रजीत. मेट्रन मॅडमनी लाल शाईनं शेरा मारला होता: वाक्यं अपुरी. तिसऱ्यांदा परत आला तर मला मिळायची वॉर्ड इनचार्जची जागा दुसरीला, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं नाइट ड्युट्या काढल्या, आणि जागा जाणार ती पूर्णविरामापायी! अंथुर्ण्याला घरी आल्या आल्या मी कागद आपटला. सासूबाई ओसरीवर डाळिंबं निवडत बसल्या होत्या.

"वाच की मला," त्या म्हणाल्या.

"आत्या, तुमाला इंग्रजी कुठं येतंय?"

"तुला येतंय न्हवं? मराठीत सांग."

मी फणकाऱ्यानंच सुरू केलं. "पेशंटला चक्कर येत होती म्हणून."

"म्हणून काय?"

"संपलं वाक्य. टिंब दिलंय तितं."

"तू दिलं असशील. मी अजून ऐकतीया."

मला हसूच आलं. पुढचं वाचलं, "मी दुसऱ्या पेशंटकडं गेले तेव्हा."

"तवा काय झालं?"

मी लोंबकळणारी वाक्यं पुढच्या-मागच्याला जोडत गेले. जोडलं की त्यांची मान हलायची आणि पुढचं डाळिंब हातात यायचं. पान सुधारत आलं तशी मी रंगातच आले. शेवटचं राहिलं.

"कॉटचा कठडा खाली ठेवून."

"कुणी?"

मी कागदाची घडी घालायला लागले. हे वाक्य इंग्रजी कच्चं म्हणून अर्धं राहिलं नव्हतं. मीच ते तसं सोडलं होतं.

"कुणी ठिवला गं?"

"मी," म्हणाले, आणि रडू फुटलं.

"मग लिव्ह की तसं. म्हाताऱ्याचं काय मोडलं तर न्हाय."

लिहिलं. कठडा मी खाली ठेवला आणि वर करायला विसरले. वाक्य पुरं झालं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

सकाळी मॅडमनी कागद दोनदा वाचला. "हे आधी का नाही लिहिलंस?"

"भीती वाटत होती, मॅडम."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि निळ्यानं सही केली. माझ्या फाइलीत मेमो लागला, लागणारच होता. पण दोन आठवड्यांनी ड्युटीची यादी लागली, तीत इनचार्ज म्हणून माझं नाव होतं. मी ते मोठ्यानं वाचलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.