भिंतीवरचं उलटं माणिकपूर

परवा काळा कार्डपेपर उलगडला आणि त्याच्या वासाने मी माणिकपूरच्या शाळेत पोचले. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर बंद पडला होता. "आता काय दाखवणार गं?" बाईंनी विचारलं. "बाई, वर्गाचाच कॅमेरा करूया," माझी मैत्रीण म्हणाली. आम्ही खिडक्या काळ्या कागदाने बुजवल्या आणि एकीत पेन्सिलीएवढं भोक ठेवलं. डोळे अंधाराला सरावले, तसा समोरच्या भिंतीवर बाहेरचा उन्हातला रस्ता उमटला, पण उलटा. रिक्षा छताखालून आवाज न करता सरकत होत्या, चर्चचा क्रूस फरशीकडे झुकला होता. "अगं, माझी आई!" मैत्रीण कुजबुजली. एरवी सतत धावपळीत असणारी तिची आई निळ्या साडीत, डोकं खाली, पाय वर अशी, संथ तरंगत गेली. बक्षीस मिळालं का, ते आता आठवत नाही. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता, तो अजून जाणवतो.