अप्पांच्या टाकीतली पिल्लं

गंगाखेडच्या बसस्थानकावर कीटकनाशकांविरुद्धची पत्रकं वाटत होतो, तेव्हा पालमहून फोन आला. आमच्या गावातल्या बसवंतअप्पांचा मुलगा, शिवा. "अप्पा गेले रे सकाळी..." मग जरा थांबून, "आन त्या बेडकांचं काय करायचं?" माझं डोकंच फिरलं. बाप गेला आणि याला बेडकं सुचतात! महिना झाला, आता कळतं, अप्पांच्या सगळ्या कामांतलं तेवढंच एक त्याला जमणारं नव्हतं.

अप्पांचं किराणा दुकान. गळ्यात शिवलिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हा माणूस भेकांच्या, म्हणजे त्या खरबरीत पाठीच्या बेडकांच्या पिल्लांना जिवंत किडे खाऊ घालायचा. दुकानामागचं डबकं बुजवून वर काँक्रीट ओतायचं गावानं ठरवलं, तेव्हा अप्पांनी नखाएवढी अकरा पिल्लं उचलून पत्र्याच्या टाकीत ठेवली. मोठी झाली की ओढ्याकाठी सोडायची होती. गिऱ्हाईक टोचायचं, "अप्पा, गळ्यात लिंग आन किडे मारायलाव व्हय?" अप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणायचे, "मी कुठं मारायलोय? मी वाढतो. खानारा खातो."

वाढण्याचे नियम मात्र कडक. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा रुंद किडा नको. चावरी मुंगी नको, केसाळ सुरवंट नको. सडक्या केळीवरची चिलटं चालतील, वाळवी चालेल, पण औषध न लावलेल्या लाकडातली. शेतातून आणलेला किडा एक दिवस बरणीत ठेवायचा; दुसऱ्या दिवशी तरतरीत असला तरच टाकीत. मला हा उशीर सोसायचा नाही. निवेदन, मोर्चा, घोषणा, सगळं आजच्या आज हवं असायचं मला.

या पावसाळ्यात अप्पा तापानं पडले आणि पिल्लं माझ्यावर सोपवली. मी कपाशीच्या शेंड्यांवरचा मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, पानांसकट तोडून आणला आणि थेट टाकीत झटकला. वळवळतोय ना, मग चांगलाच असणार! शेत आमचंच होतं. बाबांनी त्याच सकाळी फवारलं होतं, आणि गावोगाव फवारणीविरुद्ध ओरडत फिरणाऱ्या मी घरात साधं विचारलं नव्हतं... संध्याकाळी सात पिल्लं उताणी पडली होती.

अप्पा भिंतीचा आधार घेत आले. टाकीत बघितलं. "पत्रक तूच लिवलंस न्हवं? मंग वाच की येकदा." एवढंच. पुन्हा विषय काढला नाही, पुन्हा दुकानातही फारसे बसले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो.

अप्पा गेल्यावर उरलेली चार पिल्लं मी टाकीसकट घरी आणली. बाबांनी माझं एकही पत्रक आजवर पूर्ण वाचलेलं नाही. "पिकाला काय कागद गुंडाळू का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. परवा मात्र टाकीजवळ उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. उठताना म्हणाले, "बांधाकडच्या दोन ओळी बिनऔषधाच्या सोडल्यात. तिथला मावा घे."

आनंद व्हायला हवा होता. माझा जीव नुसता तडफडला. दोन महिन्यांपूर्वी बाबांना एकदा विचारलं असतं तर!

काल त्या ओळींशी गेलो. शेंड्यांवर मावा भरपूर होता. बांधापलीकडे शेजारी पाठीवर पंप घेऊन फवारत चालला होता. मी पानाला हात लावला नाही. मूठभर माती उडवली आणि वारा कुणीकडून येतोय ते बघत उभा राहिलो.