चिखल न धरणारी जमीन

परतीच्या पावसात, कापसाची जिनिंग नुकती सुरू झाली की, फाटकाशी कामाला आलेली कांताबाई दिसायची ती एका पायावर उभी. दुसऱ्या पायातली चप्पल हातात, अन् पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीनं तिचा चिखल खरडून राह्यली. आमची काळी माती एकदा पायाला धरली की सोडत नाही. घरून निघालेला माणूस जिनिंगला पोचेपर्यंत चार बोटं उंच होतो. एकदा तिला तसं पाहून सरकी भरायला आलेला मारवाडकडचा एक ट्रकवाला हसला. म्हणाला, "हमारे उधर आओ बाई. दिनभर चलो, पैर झटको, बस."

असं बोलणं माणूस ऐकतो अन् विसरतो. कांताबाईनं ते धरून ठेवलं, चपलेला माती धरते तसं.

तिचा नवरा उकंडा टेम्पो चालवायचा. खेड्यांतला कापूस दिग्रसला आणून टाकायचा. दरसाल त्याच टेम्पोत सतरंजी, शेगडी, पीठ अन् पाण्याचा ड्रम टाकून सारं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. वाटेत भाकरी थापायच्या, टेम्पोखाली झोपायचं. त्यामुळं चाकावरचा संसार कांताबाईला नवा नव्हता. पुढं उकंडाचे गुडघे गेले, कापूस चढवणं-उतरवणं जमेना, ते काम सुटलं. मुलगा राजदीप लोहाऱ्याला कारखान्यात आहे. त्यानं टेम्पोला गिऱ्हाईक पाहिलं.

"थांब," कांताबाई म्हणाली. "आधी मारवाडची रेती पाहून येतो, मंग बोलू."

तिनं जुन्या दरवाज्याची खाट ठोकून घेतली, मागच्या डाल्याच्या पत्र्याला खिडकी पाडून जाळी लावली, ड्रमच्या बाजूला दोन कॅना बांधल्या. नात मोनालीनं मोबाईलवर पाहून सांगितलं, "आजी, याले कॅम्पर म्हन्ते." तेव्हापासून सारी गल्ली त्या खटाऱ्याला कॅम्पर म्हणते.

राजदीपला ते पटलं नाही. "माय, रस्त्यात बंद पडन. मी ड्युटी सोडून येनार नाई."

"तुले कोन म्हन्ते ये?"

"मंग आयक. एकदाही दोर बांधून ओढाची पाळी आली, तं आल्याबरोबर इकाची."

"इक. पन नाई ओढली, तं गाडी इकाचं नाव काढाचं नाई."

मी काही सोबत गेलतो नाही. तिनं जे सांगितलं अन् उकंडानं ज्याला मान हलवली, तेवढंच लिहून राह्यलो.

अकोला, बऱ्हाणपूर, इंदूर इथवर तिला काही वेगळं वाटलं नाही. राजस्थान लागलं अन् मातीचा रंग उडत गेला. आधी तांबूस, मग पिवळा, मग दळलेल्या ज्वारीसारखा. झाडं होती, पण सारी आपल्या बाभळीची सावत्र बहीण वाटावी अशी. सावली मागायला लाज वाटेल एवढी बारकी. घरं कमी, आभाळ जास्त. बायांच्या ओढण्या मात्र अशा लाल अन् पिवळ्या, की रंग सारा जमिनीवरून उचलून अंगावर घेतला. कोणी विचारलं, "कहाँ से?" की उकंडा म्हणायचा, "यवतमाळ." समोरच्याला समजायचं नाही. मग तो "नागपूर के बाजू में" म्हणायचा, तेव्हा कुठं मान हलायची.

जैसलमेरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना रेतीची टेकाडं लागली. उकंडानं गाडी कडेला घेतली. "पाहून घे."

"डांबरावरून पाहाची असती तं मोनालीच्या मोबाईलवरच पाह्यली असती. आत घ्या."

त्यानं आत घेतली. ती उतरली, चप्पल काढली, बरीच लांब चालून आली. उभी राहून पाय झटकला. पाय कोरा. दुसरा झटकला. तोही कोरा. तिनं मला एवढंच सांगितलं, "ट्रकवाला खोटा नोता."

निघायच्या वेळी चाक फसलं.

आता चिखलात फसलेली गाडी काढणं हे आमच्याकडं पोरालाही येतं. चाकाखाली पऱ्हाट्या द्यायच्या, मागच्या फळीवर वजन टाकायचं अन् एका दमात रेस करायची. दम तोडला की गेली. उकंडानं झुडपं तोडून चाकाखाली दिली, कांताबाई मागं चढली अन् त्यानं दम तोडला नाही. चाक फिरत राह्यलं, रेती उडत राह्यली, अन् गाडी पोटावर बसली.

मेंढरं घेऊन जाणारा एक म्हातारा उभा राहून पाहत होता. "ट्रैक्टर बुलाऊँ?"

"हौ, बुलाव बाबा," उकंडा म्हणाला.

"नको," कांताबाई म्हणाली.

उकंडा तिच्याजवळ आला. "अवं, राजदीपले कोन सांगते? इथं त्याचा कोन बसला?"

"मी बसली ना."

"अन् राह्यलो इथंच तं?"

"तं राहू. घर सोबतच हाय."

तिनं खरंच शेगडी पेटवली. चहा झाला, म्हाताऱ्यालाही दिला. कप विसळून पाणी तिनं बाजूला फेकलं अन् उठताना तिचा पाय त्या ओल्या जागेवर पडला. पाय आत गेला नाही. तिनं टाच मारून पाहिली. जमीन घट्ट.

बाजूच्या कोरड्या रेतीवर टाच मारली, ती आत गेली. मग म्हणाली, "अवो, ड्रम सोडा."

"कायले?"

"चाकापुढं वताचा हाय."

"पागल झाली काय वं? पानी वतलं की गाडी आनखी फसते."

"ते आपल्या मातीत. ही आपली माती नोय."

"अन् पेवाले?"

"एक कॅन ठेवू."

म्हातारा मधे बोलला, "बाई, पीने का है?" ती हौ म्हणाली. तो तोंड फिरवून मेंढरांकडं पाहत बसला. कांताबाई सांगते, गाडी फसली तेव्हा नाही, पण तो माणूस तोंड फिरवून बसला तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

तरी तिनं ओतलं. आधी दोघांनी जेवायच्या ताटांनी पोटाखालची अन् चाकांभोवतीची रेती उपसली. मग मोकळ्या झालेल्या दोन पट्ट्यांवर तिनं लोट्यालोट्यानं पाणी टाकलं, अंगणात सडा टाकतात तसं. ड्रम संपला. एक कॅनही संपली. ती पायानं तुडवत पुढं गेली, मागं आली.

"हळू घ्या," ती म्हणाली. "आज दम लावाचाच नाई."

साऱ्या जन्मात उकंडानं फसलेली गाडी हळू काढली नव्हती. त्यानं काढली. गाडी थांबली ती डांबरावर.

राहिलेल्या कॅनमधून कांताबाईनं पहिल्यांदा म्हाताऱ्याची बाटली भरली. त्यानं झाकण लावून बाटली पिशवीत टाकली अन् मेंढरं हाकलली.

परत आल्यावर राजदीपनं मायच्या पाया पडायच्या आधी गाडीपुढं वाकून दोर बांधायचा हूक पाहिला. हुकावरचा गंज जशाचा तसा होता.

"बराबर पाह्य," कांताबाई म्हणाली. "मागचाही पाह्य."

तो मागं गेला, पाहून आला. मग खिशातून मोबाईल काढून लोहाऱ्याच्या गिऱ्हाईकाला म्हणाला, "नाई भाऊ, गाडी नाई इकाची."

कांताबाई तोवर रिकामा ड्रम खाली उतरवून राह्यली होती.

"हा मोनालीच्या मायले धुण्याच्या पान्याले दे," ती राजदीपला म्हणाली. "अन् बजारात गेला तं याच्याहून मोठा आन."