कडी न लावणाऱ्या एस्तेरबाई

एस्तेरबाई दिवसा दाराला कडी लावायच्या न्हाईत. पाऊस आडवा येऊन शेगडीपातूर पाणी यायचं, एकदा कुत्रं भाकरी घेऊन गेलं, तरी दार सताड उघडं, आन बाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. मी त्यांच्या उलटी. मी आत शिरले की आधी कडी, मग वरची खिटी, मग भरलेली बादली दाराला टेकवायची, भर दुपारी बी. माजं माहेर ताम्हिणीकडं वाडीवर, तितं दाराला कडीच नव्हती, पण भुकूमला आलो आन रस्त्यानं सारखी अनोळखी माणसं, जिकडं तिकडं इमारतींचं काम, आमचे हे सकाळी गवंड्याच्या हाताखाली जायचे ते दिवस मावळताना यायचे, आन मी एकटी, तनू वरसाची. कशाचं भ्या वाटायचं ते मला सांगता येत न्हाई. सगळ्याचंच वाटायचं.

आमचे घरमालक तात्या, त्यांनी शेत इकून पत्र्याच्या सहा खोल्या बांधल्यात, त्यातली चौथी आमची, पाचवी बाईंची. एकदा मी नळावर कपडे पिळतीये, मागं बघते तर तनू न्हाई. धावत आले तर ही बया बाईंच्या खोलीत बसून उकडलेलं अंडं खातीये, तोंडभर पिवळं. मी तिला फटका द्यायला हात उचलला तर बाई म्हणाल्या, "उघडं दार दिसलं की लेकरू आत येतं. मारायचं तर दाराला मार."

मी इचारलं, बाई, तुमी कडी का लावत न्हाई, भ्या न्हाई का वाटत. त्या अंड्याची टरफलं गोळा करत व्हत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्या भावाच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, कविता. मग मी माझं आतून कशाला लावू?"

त्यांचा भाऊ म्हंजे दानिएल. आई लवकर गेली, म्हणून बाईंनीच वाढवलेला, नगरकडं, बाई तवा दवाखान्यात नर्स व्हत्या. लगीन केलं न्हाई त्याच्यापायी. त्यो शिकला, मास्तर झाला, आन मग धर्माच्या कामाला म्हणून परदेशात गेला. कुठल्या देशात ते बाईंनी मला कदी सांगितलं न्हाई, म्हणाल्या तुला ठाऊक नसलेलंच बरं, तुला आधीच झोप येत नाही. तितं त्यो पोरांना शिकवायचा आन संध्याकाळी घरात चार माणसं बसवून शास्त्र, म्हंजे त्यांचं बायबल, वाचायचा. तितल्या कायद्यात ते बसत न्हाई. धरला. त्याला सहा वरसं झाली व्हती मी आले तवा. त्याच्यासंगं आनखी एक नवराबायको व्हते, दुसऱ्याच कुठल्या देशाचे, त्यांची नावं मला म्हणता यायची न्हाईत, पण बाई रोज सकाळी तिघांची नावं घ्यायच्या, आदी त्या दोघांची, मग दानिएलचं. मी म्हणलं, भाऊ शेवटी का. म्हणाल्या, "आपलं ताट शेवटी वाढायचं असतं."

पुण्यात त्यांच्या चर्चच्या मंडळीची माणसं लई झटायची. दिल्लीला अर्ज, तितल्या वकिलाला पत्रं, आपल्या सरकारचं तितं हापिस हाय तितल्या सायबाला इनंत्या. एकदा पाळकसाहेब, म्हंजे त्यांच्या चर्चचे मुख्य, सह्यांचे कागद घेऊन आले. अर्जात लिवलं व्हतं की दानिएल निर्दोष हाय, त्यानं कायबी केलं न्हाई. बाईंनी वाचून घेतलं आन कागद परत दिला. म्हणाल्या, "त्यानं केलंय. शास्त्र वाचलंय. केलंय म्हणून लिहा, आणि तरी सोडा म्हणून लिहा." पाळकसाहेब म्हणाले, बाई, तसं लिहून कोण सोडेल. "मग नको सोडू दे. खोट्याच्या दारातून तो बाहेर आला तर मी त्याला ओळखणार नाही." कागद पुन्यांदा लिहून आणावा लागला. मला तवा बाईंचा राग आला व्हता, खरं सांगते. माजा भाऊ असता तर मी शंभर खोटी बोलले असते.

सह्या घ्यायला बाई खोल्याखोल्यांनी फिरल्या. आमची मालकीणकाकू मला कानात म्हणाली, सही करशील, मग त्यांच्यात बाटशील, आन उद्या कपाळाचं कुंकू पुसून बसशील. हे बी म्हणाले, आपून पोटासाठी आलोय, कुणाच्या भानगडीत नाव नको. तात्या गोठ्यात धार काढत व्हते, तिथंच बाईंनी कागद धरला. तात्यांनी हात धोतराला पुसले आन सही ठोकली. काकू बोलली तर म्हणाले, "माणूस कोंडलाय न्हवं? मग त्याचा देव कशाला इचारायचा. म्हशीला बी आपून दिवसभर कोंडत न्हाई." बाई माज्या दारात आल्या तवा कडी लावलेली व्हती. मी आतच व्हते. तनूच्या तोंडावर हात धरून बसले व्हते. बाईंनी एकदाच हाक मारली आन गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची दारातच टाकली. तनूला अंडं दिलं.

म्हणून मग दानिएलला पत्र लिवायचं मी कबूल केलं. साखरेनं बाईंची नजर गेलेली, अक्षर एकावर एक चढायचं. मी सातवीपातूर गेलेली, मी म्हणलं मी लिवते, तुमी सांगा. पत्रात कुणाला माजं नाव दिसत न्हाई, असा माजा हिशोब. म्हयन्याला एक पत्र, एक पान. त्यात देवाचं नाव न्हाई, खटल्याचं न्हाई, रडगाणं न्हाई, कारण तुरुंगातली माणसं आदी वाचणार. पुण्यातून त्याच्यासंगं तितल्या भाषेत नक्कल जोडायचे आन वकिलामार्फत पाठवायचे. मी पैल्यांदा इचारलं, मग लिवायचं काय. बाई म्हणाल्या, "सकाळपासून काय दिसलं ते. त्याला भिंत दिसते. आपल्याला भिंत सोडून सगळं दिसतं." मग मी लिवायची, तात्यांची म्हैस व्याली, समोर आठवा मजला चढला आन डोंगर दिसायचा बंद झाला, तनूला दाढा आल्या. एकदा डोंगराचं मी जरा वाढवून लिवलं, मोर नाचला म्हणून, तर बाईंनी वाचून दाखवायला लावलं आन इचारलं, मोर कधी आला. खोडायला लावलं.

पानाच्या मागं तनूचा हात ठेवायचा आन पेनानं कडेनं रेघ ओढायची. हे बाईंचंच. म्हणाल्या, तारीख लिहून दिवस कळतात, गेलेली वर्षं कळत नाहीत. हात वाढलेला दिसला की कळतात. त्याचं उत्तर वरसातनं दोनदा यायचं, तीन-चार ओळी. एकदा आलं, "हात मोठा झाला. मी माझा हात त्यावर ठेवून बसतो." बाईंनी ते माज्याकडनं चारदा वाचून घेतलं, मग उठून भांडी घासायला लागल्या, घासलेलीच.

आता माजं सांगते, ते सांगितल्याबिगर बाई कळायच्या न्हाईत.

गेल्या साली अर्जाला यश आलं. आपल्या हापिसातला सायेब दानिएलला भेटणार, आन त्या म्हयन्याचं पत्र सोता त्याच्या हातात देणार. पुढं खटला पुन्हा बघतील असं बी कानावर आलं. बाई त्या दिवशी न्हाऊन पांढरं लुगडं नेसायला आत गेल्या, पत्र माज्या हातात. एवढं चांगलं व्हायला लागलं की मला जास्ती भ्या वाटतं. आमच्यात कुठलाबी शुभ कागद असला, लग्नाची पत्रिका, पोराच्या शाळेचा दाखला, की चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं, मग काम अडत न्हाई. माज्या आईनं माज्या पुस्तकांना लावलं व्हतं. मी पळत घरात गेले, देव्हाऱ्यातल्या कुयरीतनं बोटावर घेतलं, चारी कोपऱ्यांना लावलं, तनूच्या हाताच्या रेघेला बी जरा लावलं, आन पाकीट चिकटवून टाकलं, नकलेसाठी मजकूर आदीच पुण्याला गेला व्हता. बाईंना सांगितलं न्हाई. त्यांच्यात चालत न्हाई म्हणून न्हाई सांगितलं. त्यांना दिसणार बी नव्हतं.

दोन म्हयन्यांनी पाळकसाहेब आले. दारात उभं राहूनच बोलले. पाकिटात लाल आन पिवळी पूड सापडली. तुरुंगवाल्यांना वाटलं कसली नशा हाय, न्हाईतर खुणेचे रंग हायेत, आतल्या माणसांसाठी निरोप. सायबाची भेट रद्द. पत्रं बंद. दानिएलला दुसऱ्यांतनं काढून एकट्याच्या खोलीत टाकला, आन त्या नवराबायकोची बी चौकशी लावली. पाळकसाहेबांनी इचारलं, बाई, हे कुणी केलं. मी तितंच व्हते, तनूची वेणी घालत. माजं बोट केसात अडकून राहिलं.

बाई म्हणाल्या, "पत्र माझ्या घरातून गेलं. म्हणजे मीच."

मी उठले, घरात गेले, कडी लावली. आठ दिवस बाहेर निघाले न्हाई म्हणलं तरी चालंल, नळावर बी भल्या पहाटे जायची. जेवण उतरंना. ह्यांनी इचारलं तर सांगितलं पोट दुखतंय. त्यो माणूस अंधारात बसलाय आन मी लावलेल्या कुंकवापायी बसलाय, हेच डोक्यात. तनू मात्र रोज बाईंकडं जायची, अंडं खाऊन यायची. नवव्या दिवशी मी गेले. बाई दारातच व्हत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, एका दमात, मधी श्वास बी घेतला न्हाई.

त्या म्हणाल्या, "पूड म्हणाले तेव्हाच मला कळलं. हळदीचा वास येत होता पाकिटाला. तेव्हा वाटलं तुझ्या हाताचा."

मी म्हणलं, बाई, मला शिव्या द्या. बाईंनी खुर्ची जरा सरकवली. मग म्हणाल्या, "भीतीनं केलंस की मायेनं?" मी म्हणलं मला न्हाई कळत. "तुझ्याकडे ती दोन वेगळी कुठे असतात. बस. कागद घे."

त्यांनी तुरुंगाच्या मोठ्या सायबाला पत्र लिवायला लावलं. हळद म्हंजे काय, कुंकू म्हंजे काय, आमी ते कशाला लावतो, आन हे दानिएलला म्हाईत नव्हतं, बाईंना म्हाईत नव्हतं. लिवता लिवता मी म्हणलं, खाली तुमचं नाव टाकते. बाई म्हणाल्या, "लावलं कुणी?" मी पेन खाली ठेवलं. परदेशातल्या तुरुंगाच्या कागदावर माजं नाव. हे काय म्हणतील, पोलीस आले तर, तनूला कोण बघंल. बाईंनी जोर केला न्हाई. म्हणाल्या, "मला तुझी सही नको, कविता. सह्यांच्या दिवशी पण नको होती. दानिएलला हवी आहे." तवा मला कळलं, त्या दिवशी कडीमागं मी हाय हे बाईंना ठाऊक व्हतं.

मी सही केली. पुरं नाव, गाव, तालुका मुळशी. घरी सांगितलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, आता केलीस तर केलीस.

उत्तर आलं न्हाई. पावसाळा लागला. बाईंच्या पायाला जखम झाली, उघड्या दारातनं आलेल्या पाण्यात पाय दिवसभर भिजायचा. नर्स असून सोताचा पाय त्यांनी बघितला न्हाई, दिसतच नव्हता. मी बघितला तवा काळा पडला व्हता. दवाखान्यात नेलं, तात्यांच्या गाडीतनं. पाय कापायला लागंल म्हणाले, पण तोवर इष अंगात भिनलं व्हतं. शेवटी शुद्धीत व्हत्या तवा मला जवळ बोलवलं, मला वाटलं दानिएलचं काय सांगतील. म्हणाल्या, "या महिन्याचं पत्र राहिलं." चवथ्या दिवशी गेल्या. पुण्यात त्यांच्या कबरस्तानात पुरलं. मी बी मूठभर माती टाकली. तात्या लांब, टोपी हातात घेऊन उभे व्हते.

दिवाळीच्या मागंपुढं पाळकसाहेब आले. पत्रं चालू झाली व्हती, म्हयन्याला न्हाई, वरसाला एक. माज्या सहीच्या कागदानं चालू झाली का आपोआप, ते कुणाला म्हाईत न्हाई. त्यो अजून एकट्याच्याच खोलीत हाय. पाळकसाहेब म्हणाले, बाई गेल्याचं आत्ताच लिहू नका, एकट्यानं त्याला सोसायचं न्हाई, आजारी हायेत एवढंच लिवा. त्यांचं बी खरं व्हतं. मी लई इचार केला. आन बाईंची खुर्ची मी माज्या दारात आणून ठेवलीये, तिच्यावर बसले आन लिवलं.

लिवलं, तुमची भन गेली. पायाला जखम झाली व्हती. शेवटी पत्राचं बोलल्या. त्यांच्या खोलीत आता बिहारकडचे दोन मजूर राहत्यात, त्यातला एक गातो. म्हैस गाभण हाय. हे सगळं मी बघितलेलं हाय. मोर आलेला न्हाई. खाली माजं नाव टाकलं. मागं तनूचा हात काढला, पाच वरसाचा, कोपरे कोरे ठेवले. पाकीट चिकटवायच्या आदी हात साबणानं दोनदा धुतले.

उत्तर अजून न्हाई. सकाळी मी तिघांची नावं घेते, त्या दोघांची कशीबी म्हणते, चुकत असतील. आन दुपारची कडी लावत न्हाई. भ्या गेलं असं न्हाई. ते बसलेलं असतं आत माज्यासंगं, दार उघडं ठेवून.