दानात आलेला कचरा

शेख मॅडमना खरा राग आला की त्या हातातला खडू खाली ठेवायच्या. मग वर्गच काय, शेजारच्या वर्गातले सरसुद्धा गप्प व्हायचे. रोज अकोल्याहून एसटीने येऊन त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या आणि येता-जाता कुणाशी ना कुणाशी भांडायच्या. ‘‘गप बसनं मले कोनं शिकवलंच नाई,’’ असं स्वतःच सांगायच्या.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट, नापिकीची वर्षं होती. शहरातल्या लोकांना आमची दया यायची आणि दया आली की गाडी भरून काहीतरी यायचं. एकदा अमरावतीच्या एका कंपनीने आमच्या शाळेला संगणक दिले. हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर मॅडमनी एकेक संगणक लावून पाहिला. एकही सुरू झाला नाही.

‘‘जाऊ द्या मॅडम, भावना बघा,’’ मुख्याध्यापक म्हणाले.

‘‘काहून जाऊ देऊ सर? आपल्यावर वाईट दिवस आले म्हनून लोकायचा कचराबी गोड मानून घ्याचा काय?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक संगणक वर्गात आणून उघडला. कशात तांबं, कशात शिसं, कुठल्या पट्टीवर सोन्याचा मुलामा, सगळं दाखवलं. वायर जाळली तर धूर छातीत बसतो, हेही बजावलं. ‘‘याच्यात सोनंबी हाय अन् जहरबी. सोनं दुसरेच नेतात, जहर आपल्यापाशी रायते.’’

मुख्याध्यापकांनी मात्र तो ढीग भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याने कामाचं तेवढं काढून घेतलं, उरलेले मॉनिटर आणि पेट्या शाळेमागच्या नाल्यात फेकल्या, आणि तांब्यासाठी वायरी तिथेच जाळायला लावल्या. काळा धूर थेट आमच्या वर्गात शिरला. माझ्या शेजारी बसणाऱ्या दुर्गाला आधीच दमा. तिला श्वास घेता येईना. मॅडमनी तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत नेलं, धाप थोडी कमी झाल्यावर आमच्याजवळ बसवलं आणि तरातरा नाल्याकडे गेल्या. आम्हीही काही जणी मागे धावलो.

आगीजवळ दुर्गाचीच आई बसली होती.

‘‘वावरात काम नाई मॅडम,’’ ती घाबरून म्हणाली. ‘‘भंगारवाल्यानं सांगतलं, वायरी जाळून तांबं काढून दे.’’

आम्हाला वाटलं, आता मॅडम तिला फाडून खाणार. त्या तिच्यापाशी खाली बसल्या. ‘‘धूर तुह्या पोरीच्या छातीत गेला, बाई. ऊठ. तुह्यावर नाई राग माहा.’’ मग दोघींनी मिळून आगीवर माती लोटली.

पुढच्या रविवारी मॅडमनी टेम्पो केला. नाल्यातलं उरलंसुरलं सगळं आम्ही भरलं आणि दुर्गाच्या आईसह अमरावतीला, त्या कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यासमोर नेऊन उतरवलं. साहेब बाहेर आले. ‘‘मॅडम, हे तर आम्ही दान दिलं होतं!’’

‘‘दान नोको आमाले. हे नीट सुटं करून पुन्हा वापरात आननारे कारखाने असतात. तुमी त्याईच्याकडं धाडा. आमच्या पोरीयच्या छातीत नोको.’’

शेजारी गोळा झाले होते. साहेबांना सगळं आत घ्यावंच लागलं.

महिन्याभरात शाळा चालवणाऱ्या संस्थेने मॅडमची बदली केली, बार्शीटाकळीपलीकडच्या, आपल्या दुसऱ्या शाळेत. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. आम्ही स्टँडवर रडत होतो, तर म्हणाल्या, ‘‘रडून काय राहिल्या? रडल्यानं कोनाची बदली थांबली काय?’’

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. संस्थेने शोकसभा ठेवली. अध्यक्ष म्हणाले, ‘‘बाई फार शांत, सोशिक होत्या. कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत.’’ लोक माना डोलवत होते. मला राहवेना. मी उठले आणि भर सभेत म्हणाले, ‘‘साफ खोटं हाय हे. तुमी त्याईले काहून हाकललं, ते सांगा आधी!’’

मागच्या रांगेतून कोणीतरी जोरात म्हणालं, ‘‘हो, सांगा!’’

वळून पाहिलं, तर दुर्गा उभी होती.