ताट साफ, टाळी

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर सकस आहाराचा एक रंगीत तक्ता आहे. त्यात सफरचंद आहे, द्राक्षं आहेत, बदाम तर मूठभर आहेत. नागली कोपऱ्यात, आणि तीही 'नाचणी' या नावाने, त्यामुळे घरी रोज नागलीची भाकर खाणाऱ्या आमच्या पोरांना ती ओळखू येत नाही. हा तक्ता ज्याने काढला त्याला एकदा खोडाळ्याच्या बाजारात उभं करून बदाम शोधायला लावावेत, असं मला फार वाटतं. पण तक्ता आहे म्हटल्यावर शिकवावा लागतो. पोरं विचारायची, "ताई, बदाम कसा असंल?" मी सांगायची, "वरून टणक, फोडला की आत पांढरा गर. खाल्ला की ताकद येते." मी तरी बदाम कुठे रोज खाते!

तक्त्यापेक्षा माझा भरवसा टाळीवर होता. जेवण झालं की मी विचारायची, "कोणी कोणी खाल्लं?" सगळे हात वर. मग मी ताटं बघत फिरायची आणि ज्याचं ताट साफ त्याला सगळ्यांची टाळी. हे सगळं खरं तर एका मुलीसाठी चाललं होतं. ती घास गालात धरून बसायची, गिळायचीच नाही. दर महिन्याला वजनकाट्यावर ठेवली की काटा मागच्याच आकड्यावर. भरलेलं ताट पुढ्यात ठेवून तीही दिमाखात हात वर करायची. पोरं हसायची, तीही हसायची. टाळी मात्र तिला कधी मिळाली नाही.

भातकापणीचे दिवस होते. पाडा ओस पडलेला, माणसं सगळी शेतावर. मी आणि मदतनीसबाई आत तांदूळ निवडत होतो आणि पोरं मागच्या बाजूला भातुकली खेळत होती. त्यांचा गलबला ऐकू येत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. एवढ्यात एक मुलगा पोट धरून दारात आला आणि उंबऱ्यावरच भडाभडा ओकला.

मी मागे धावले. कुंपणाच्या कडेला पळसाची पानं ताटांसारखी मांडलेली, शेजारी दगड आणि काळ्या टरफलांचा ढीग. ते कुंपण चंद्रज्योतीचं. मोगली एरंड म्हणतात ना, तेच. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला लावतात. बी फोडली की आत पांढरा गर निघतो. चवीला गोडसर असतो आणि पोटात गेला की विष.

"कोणी कोणी खाल्लं?" मी ओरडले.

सगळे हात वर गेले. एकूण एक हात, आणि चेहरे हसरे! माझा प्रश्न रोजचाच होता, त्यांनी उत्तरही रोजचंच दिलं. "खरं सांगा! नुसते हात वर करू नका!" मी खेकसले, तसे सगळे हात झटक्यात खाली आले आणि दोघी-तिघी रडायला लागल्या. आता तर कोणीच खाल्लं नव्हतं.

मदतनीसबाई फोन घेऊन टेकाडावरच्या टाकीकडे पळाल्या, रेंज तिथेच येते. वरूनच ओरडून त्यांनी सांगितलं, की दवाखान्याची गाडी निघाली आहे पण वेळ लागेल. त्यांचा ओरडा ऐकून कापणीला आलेला त्यांचा जावई तेवढ्यात मोटारसायकल घेऊन आला. मोटारसायकलवर कितीशी पोरं मावणार? कोणाला आधी न्यायचं, हे मला कळायलाच हवं होतं आणि विचारायला तर तोच एक प्रश्न होता, ज्याला हात वर करायचं मीच शिकवलं होतं.

मी खाली बसले. आवाज जमेल तितका मऊ केला. "मला पण भूक लागली गं. मला नाही वाढणार?"

खेळात ताई झालेली मोठी मुलगी डोळे पुसत पुढे आली. माझ्यापुढे पान ठेवून माझ्याच आवाजात म्हणाली, "सावकाश चावायचा. बदाम खाल्ला का ताकद येते."

"बाकीच्यांनी कसं खाल्लं?"

"खोटा खोटा. तो मातर खराच चावला," तिने ओकणाऱ्या मुलाकडे बोट दाखवलं.

"आणि टाळी कोणाला?"

तिने मागे पाहिलं. कुंपणाला टेकून ती गालात घास धरणारी बारकी पोर बसली होती. ना ओकत होती, ना रडत होती. तिच्यापुढचं पान स्वच्छ होतं.

"हिला. हिनं सगळा खादला, ताई."

त्या दोघांना घेऊन मी मोटारसायकलवर बसले. बाकीच्यांना मदतनीसबाई गाडीने आणणार होत्या. घाटाच्या वळणावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी जावयाला हळू चालव म्हणून ओरडत होते आणि लगेच जोरात चालव म्हणूनही. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची मान माझ्या दंडावर लोळत होती.

मुलगा संध्याकाळपर्यंत सावरला. बाकीच्यांना तपासून घरी सोडलं. हिला मात्र सलाईन लावून ठेवलं होतं. तिची आई शेतातून तशीच आली होती, केसात भाताचा पेंढा. माझ्याकडे न बघता पोरीच्या उशाशी बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी डॉक्टरांनी मऊ भात द्यायला सांगितलं. आईने चमचा पुढे केला. पोरीने ओठ घट्ट मिटले.

"आता ही काय खायाची नाय, ताई," आई म्हणाली.

मलाही तेच वाटत होतं. मी भाताची वाटी घेतली, पहिला चमचा माझ्या तोंडात घातला आणि तिला दिसेल असा चावून गिळला. ती बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खाऊ?"

"खा."

दर चमच्याआधी तिने विचारलं आणि दर वेळी मी खा म्हटलं. वाटी रिकामी झाली. माझ्याकडून टाळी काही वाजेना, हात मांडीवरच पडून राहिले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. तिचा एक हात सलाईनच्या पट्टीने फळीला बांधलेला होता. दुसरा तिने उचलला आणि पंजा उघडून माझ्यापुढे धरला.

मी माझा हात त्यावर आपटला. हलकेच.